शहात्तर धर

शामकांत तारकरांना दिवसभरात बऱ्याच गोष्टींची किळस यायची, पण सगळ्यात जास्त यायची ती सकाळी उचललं जाण्याची.

प्रबोध, त्यांचा एकुलता एक मुलगा, रोज सिंगापूरच्या बुकित तिमाह भागातून चोआ चू कांगला आईबापांकडे यायचा आणि तिथून ऑफिसला जायचा. ऑफिस शहराच्या एका टोकाला आणि आईबाप दुसऱ्याला, पण त्याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. दाराबाहेर बूट काढून तो आत यायचा, पलंगाशी वाकायचा, एक हात बापाच्या पाठीखाली आणि एक मांड्यांखाली सरकवायचा आणि त्यांना उचलून वजनकाट्यावर उभा राहायचा. आकडा स्थिर होईपर्यंत तसंच थांबावं लागे. त्या वेळात शामकांतांच्या नाकाशी प्रबोधची मान असायची. आफ्टरशेव्हचा गोडसर भपकारा आणि त्याखाली घाम, कारण सिंगापूरच्या हवेत बसस्टॉपपासून ब्लॉकपर्यंत चालत आलेला माणूस सकाळीसुद्धा भिजलेलाच असतो. बरगड्यांना त्याचं मऊ पोट लागायचं. त्यांचा स्वतःचा एक पाय धड, दुसरा गुडघ्याखाली नाहीच, त्यामुळे पायजम्याचं रिकामं टोक हवेत लोंबत असायचं. शामकांत श्वास रोखून छताच्या पंख्याकडे बघत राहायचे आणि त्यांची बायको रत्ना खाली वाकून, चष्मा सावरत, आकडा मोठ्याने वाचायची.

असा लोंबकळत राहायला हा माणूस जन्माला आलेला नव्हता. उभी हयात जहाजांवर गेली, शेवटी शेवटी चीफ इंजिनियर म्हणून. इंजिनरूममध्ये त्यांच्या हुकुमाशिवाय नट हलत नसे. एखादा पोरगेला इंजिनियर येऊन म्हणाला, सर, मला वाटतं पंप गरम होतोय, की ते त्याला उभा सोलायचे. "तुला काय वाटतं ते मला नको. गेज काय म्हणतं ते सांग." हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की घरातही सगळ्यांना पाठ होतं.

मग डायबेटिस झाला. जहाजावर कुणी पथ्य सांगणारं नव्हतं आणि घरी सांगणारीचं त्यांनी ऐकलं नाही. अंगठ्याची जखम चिघळली आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. नकली पाय मिळाला, पण डावा गुडघा आधीच झिजलेला, त्यामुळे धरून दोन पावलं टाकण्यापलीकडे काही जमेना. त्यात हृदयाने नवं लचांड उभं केलं. डॉक्टरने त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं की तुमचा पंप कमजोर झालाय, पाणी बाहेर फेकलं जात नाही, ते अंगात साचतं. रोज सकाळी वजन करा. थोड्या दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी. लगेच या. ते फुप्फुसात चढेपर्यंत थांबलात तर कदाचित आम्हालाही काही करता येणार नाही. शामकांतांना डॉक्टर लोकांचा तिटकारा होता, पण हे त्यांना पटलं. गेज बघायचं आणि धोका ओळखायचा, एवढंच तर आयुष्यभर केलं होतं.

प्रश्न असा होता की ज्याला काट्यावर उभं राहता येत नाही त्याचं वजन करायचं कसं. क्लिनिकमध्ये एक मोठा सपाट काटा होता. व्हीलचेअरसकट माणूस त्यावर ढकलायचा आणि व्हीलचेअरचं वजन वजा करायचं. तिथल्या मुलीने पहिल्याच दिवशी सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचा आकडा सांगितला आणि वर "अंकल, व्हेरी गुड आह" असं खास सिंगापुरी हेलात म्हणून पाठ थोपटली. बाकावरची एक बाई कौतुकाने हसली. शामकांतांच्या उरलेल्या एका तळपायाची आग मस्तकात गेली. बाजारात बोकड तोलतात तसं आपल्याला चारचौघांत तोललं, आणि बोकडाची निदान कुणी पाठ थोपटत नाही. मी पुन्हा तिथे जाणार नाही, असं त्यांनी टॅक्सीतच जाहीर केलं.

बसल्या बसल्या वजन करायची खुर्ची मिळते, ती मागवू या, असं प्रबोध म्हणाला. माझ्या घरात दवाखान्याचं सामान येणार नाही, असं शामकांत म्हणाले. कमोडशेजारची दांडी, बाथरूममधलं स्टूल, पलंगाचा कठडा, एवढं ओंगळ सामान घरात आलं होतं तेवढं पुरे.

तेव्हा प्रबोधने दुसरा उपाय काढला. सिंगापूरच्या प्रत्येक मराठी घराला तो ठाऊक असतो. भारतात जायच्या आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये बॅगा मांडलेल्या असतात. जाताना बदाम, चॉकलेट आणि दुखण्यावरचे बाम, येताना भाजणी, गोडा मसाला आणि कोकम, आणि दोन्ही वेळा विमानवाल्यांची वजनाची मर्यादा. बॅग काट्यावर नीट बसत नाही, बसली तर आकडा झाकते. म्हणून घरातला एक माणूस आधी स्वतः काट्यावर चढतो, मग बॅग घेऊन चढतो, आणि पहिला आकडा दुसऱ्यातून वजा करतो. प्रबोध चौथीत असताना हे त्याला शिकवलं होतं ते शामकांतांनीच. त्यामुळे "बाबा, बॅगेचं करतो तसं करून बघू या का?" असं त्याने विचारलं तेव्हा त्यांना नाही म्हणता येईना. पहिल्या रविवारी नात अवनीही बघायला आली होती. ती म्हणाली, "आजोबा चेक-इन बॅगेज, केबिनमध्ये फिट होणार नाहीत लाह." सगळे हसले. शामकांत पंख्याकडे बघत होते.

पहिले काही दिवस सगळं शिस्तीत झालं. प्रबोध एकटा चढायचा, शहात्तर. मग बापाला घेऊन चढायचा, एकशे अडतीस. बाप बासष्ट. दुसऱ्या दिवशी पुन्हा शहात्तर, पुन्हा एकशे अडतीस. शामकांत उशीला टेकून त्याचं ते चढणं-उतरणं बघायचे आणि त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. जे काम एका झटक्यात व्हायचं त्याला हा इतका वेळ लावतो, आणि तेवढा वेळ आपण उचललं जाण्याची वाट बघत पडून राहायचं. खाटकाकडची बकरीसुद्धा इतकी ताटकळत नसेल.

एका सकाळी ते म्हणाले, "तुझं काय रोज बदलतं? शहात्तर धर आणि उचल."

तेव्हापासून शहात्तर धरायला सुरुवात झाली.

त्यांचा आणखी एक नियम होता. वजन उपाशीपोटी, आणि तेही दोघांचं, कारण गणितात घोळ नको. रत्ना पोहे करून ठेवायची, पण वजन झाल्याशिवाय ताटलीवरचं झाकण निघत नसे. आणि वजन झालं की प्रबोधची ट्रेन असायची. "राहू दे आई, ऑफिसात खातो," म्हणून तो निघायचा. एकदोनदा तो खायला थांबला होता, तर शामकांतांना त्याचं मचमच खाणं ऐकवेना. लहानपणापासून हा असाच खातो, किती सांगितलं, काही फरक नाही, असं ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. मग प्रबोध थांबेनासा झाला. पोहे दुपारी रत्ना खायची, थंडगार.

एक सकाळ तर फारच वाईट गेली. रात्री झोप नव्हती, अंग जड झालं होतं, आणि उचलताना प्रबोधचा हात जरा निसटला. त्याने बापाला पोटावर तोलून सावरलं, धापा टाकत. तो घाम, तो श्वास, ते पोट, सगळं एकदम अंगावर आलं आणि शामकांतांच्या तोंडून निघून गेलं, "आधी हे पोट कमी कर. ओल्या कणकेच्या गोळ्यावर निजवल्यासारखं वाटतं. शिसारी येते मला."

रत्नाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि मग आकडा वाचला. प्रबोध म्हणाला, "हो बाबा," आणि त्यांना अगदी हळू पलंगावर ठेवून, उशी नीट करून निघून गेला. शामकांतांना मात्र जरा मोकळंच वाटलं. मनात ठेवून कुढण्यापेक्षा बोललेलं बरं, असं त्यांचं मत होतं. बोललेलं ज्याला ऐकावं लागतं त्याचं काय मत असतं, हे त्यांनी कुणाला विचारलेलं नव्हतं.

आठवडे गेले. आकडा एकशे अडतीसच्या आसपास राहिला, कधी थोडा वर, कधी थोडा खाली. शहात्तर वजा, म्हणजे आपण बासष्ट. पुढची अपॉइंटमेंट अजून लांब होती, पण शामकांत निर्धास्त होते.

शरीर मात्र वेगळंच सांगत होतं. अंगठी बोटातून निघेना. नकली पाय चढेना, गुडघ्याखालचा तो थोटका भाग त्यात मावेचना, तर शामकांतांनी पाय बनवणाऱ्याला फोन करून गाढव म्हटलं. आडवं झालं की खोकला यायचा, म्हणून उशीवर उशी चढत गेली, आणि त्याचं खापर फुटलं रत्नाच्या नव्या उशांवर. महाराष्ट्र मंडळातले निशिकांत भेटायला आले आणि म्हणाले, वा, चेहरा भरलाय, तब्येत सुधारली की. शामकांतांना त्यांच्या दातांपासून त्यांनी आणलेल्या बर्फीपर्यंत सगळ्याची किळस आली, पण सुधारली हे ऐकायला बरं वाटलं.

रत्ना म्हणाली, "अहो, हा चेहरा भरलेला नाही, सुजलाय. मला काही बरं वाटत नाही. दाखवून येऊ."

"तुला काय वाटतं ते नको. काटा काय म्हणतो?"

काटा बासष्ट म्हणत होता.

एक गोष्ट शामकांतांनी कुणालाच सांगितली नाही. आंघोळीनंतर डाव्या पायाला तेल लावताना त्यांचं बोट नडगीत रुतलं. बोट उचललं तरी खड्डा तसाच राहिला, भिजलेल्या ब्रेडसारखा. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा खड्डा. कातडी ताणून चकचकीत झाली होती. आधी एक पाय सडला, आता हाही असा पिचपिचीत होणार, आणि आपण तो बघत बसायचं. त्यांनी चादर ओढून पाय झाकला आणि त्या दिवसापासून तेल लावणं बंद केलं. रत्ना लावायला आली की तिच्यावर खेकसायचे. जहाजावर असं काही दिसलं असतं आणि कुणी वर फडकं टाकलं असतं, तर त्याला त्यांनी पुढच्या बंदरात उतरवलं असतं.

एके दिवशी लिटिल इंडियातून कढीपत्ता आणि नारळ घेऊन रत्ना दुपारी परतली तेव्हा शामकांत पलंगाच्या कडेला पुढे झुकून बसले होते. दोन्ही हात गादीत रुतलेले, ओठ काळेनिळे, आणि प्रत्येक श्वासाबरोबर छातीत हुक्का गुडगुडावा तसा आवाज. तोंडाला फेस आला होता आणि तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. तिने पिशवी तिथेच टाकली. अँब्युलन्स आली तोवर नारळ घरंगळत सोफ्याखाली गेला होता.

हॉस्पिटलात नाकातोंडावर मास्क बसला, हातात सुया, आणि खाली लघवीची नळी. अंगातलं पाणी काढणारं औषध सुरू झालं तशी पलंगाला टांगलेली पिशवी भरायला लागली. शामकांतांना ती पडल्या पडल्या दिसायची. जहाजाच्या तळाशी सगळीकडून झिरपलेलं घाणेरडं पाणी साचतं, ते वेळेवर उपसलं नाही तर चांगलं जहाज बुडतं. आपल्या आत तेच साचलं होतं आणि आपल्याला पत्ता नाही, याची त्यांना इतकी घृणा वाटली की त्यांनी मान वळवली. वळवली तर शेजारच्या म्हाताऱ्याची पिशवी दिसली.

दुसऱ्या दिवशी मास्क निघाला. नर्सने पलंगाचं कुठलंसं बटण दाबलं आणि आकडा टिपून घेतला. त्या पलंगालाच काटा होता. बोकडासारखं ढकलायला नको, बॅगेसारखं उचलायला नको, माणूस झोपल्या झोपल्या वजन. शामकांतांनी आकडा विचारला. एकोणसत्तर, आणि तेही बरंचसं पाणी निघून गेल्यावर, ती म्हणाली. काल आत आणलं तेव्हा बहात्तर होतं.

शामकांतांनी वाद घातला. आपलं वजन बासष्ट आहे, रोज सकाळी मोजलेलं आहे, पलंगाचा काटा बिघडलाय, दुसरा पलंग आणा. धाप लागेपर्यंत बोलले. नर्सने शांतपणे पुन्हा बटण दाबलं. एकोणसत्तर. डॉक्टर येऊन म्हणाला की हे एका दिवसात साचलेलं पाणी नाही, दोनेक महिने हळूहळू चढत गेलंय, घरच्या काट्यावर तुम्हाला दिसायलाच हवं होतं. तो गेल्यावरही शामकांत ते वाक्य चघळत राहिले. काट्यावर दिसायलाच हवं होतं. काटा तर एकशे अडतीसच सांगत होता.

संध्याकाळी प्रबोध ऑफिसातून आला. बॅग खाली ठेवून पलंगाशी उभा राहिला. शामकांत आडवे असल्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर नेमकी त्याची कंबर आली. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं होतं, घरीच, खिळ्याने, वाकडंतिकडं. पट्ट्याचं उरलेलं टोक बाजूला लोंबत होतं. पोट नव्हतं. शर्ट तिथे आत गेला होता.

"तुझं वजन किती आहे?" शामकांतांनी विचारलं.

"मध्ये मोजलंच नाही," प्रबोध म्हणाला. "शहात्तर धरायचं ठरलं होतं ना."

"आणि हे पोट?"

प्रबोधने आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "कमी केलं. तुम्हाला त्रास होत होता."

रत्ना खिडकीशी उभी होती. ती वळली नाही. शामकांतांनी डोळे मिटले. हिशोब करायला त्यांना काट्याची गरज नव्हती. बाप जेवढा फुगत गेला तेवढा मुलगा वाळत गेला, आणि दोघांची बेरीज तीच राहिली. चीफ इंजिनियर रोज ती बेरीज ऐकून खूश होता.

घरी सोडलं तेव्हा अंगातलं पाणी बरंच उतरलं होतं. वजनाची खुर्ची मागवायला शामकांतांनी हॉस्पिटलातच मान डोलावली होती, पण ती यायला आठवडा होता. पहिल्या सकाळी प्रबोध नेहमीसारखा आला. बूट काढले, पलंगाशी वाकला, हात पाठीखाली सरकवला.

"थांब," शामकांत म्हणाले. "आधी तू एकटा."

प्रबोध काट्यावर चढला. रत्नाने वाकून वाचलं. सहासष्ट.

शामकांतांनी या वेळी पंख्याकडे पाहिलं नाही. प्रबोधची कॉलर दोन बोटं जातील इतकी सैल झाली होती. मानेच्या शिरा वर आल्या होत्या, डोळ्यांखाली काळं. हीच मान रोज सकाळी आपल्या नाकाशी होती, आणि आपण श्वास रोखून छत बघत होतो. त्यांना शिसारी आली, नेहमीसारखीच घशापर्यंत, पण या वेळी ती घामाची नव्हती, पोटाची नव्हती, कापलेल्या पायाची तर नव्हतीच. ज्या तोंडाने आपण "शिसारी येते" म्हणालो त्या तोंडाची होती.

"रत्ना, याचे पोहे आण."

"अहो, वजन व्हायचंय. तुम्हीच तर उपाशीपोटी म्हणता."

"माझं उपाशीपोटी. याला खाऊ दे, मग पुन्हा काट्यावर चढू दे, मग मला उचलू दे. आधी याचं, मग माझं. रोज."

प्रबोधने मोबाईलमध्ये वेळ बघितली आणि ट्रेन चुकेल असं काहीतरी पुटपुटला. शामकांत म्हणाले, चुकू दे, आणि उभ्याने खाऊ नकोस, इथे बस. तो पलंगाच्या कडेला बसला, बापाच्या उरलेल्या पायाशी, आणि खायला लागला. भुकेला होता. तोंड उघडं टाकून, मचमच आवाज करत खात होता, चौथीत खायचा तसा. शामकांतांना तो आवाज कधीच सहन झाला नव्हता आणि आत्ताही होत नव्हता. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण भिंतीकडे तोंड वळवलं नाही.

ताटली रिकामी होत आली तसे ते म्हणाले, "अजून घे."